आईच्या गुडघ्यांसाठी कॅसेट

पौष लागला की आमच्या डोंबिवलीत थंडी येते. थंडी म्हणायची एवढंच. कपाटातून काढलेल्या स्वेटरचा डांबरगोळ्यांचा वास जायच्या आत तो परत कपाटात जातो. पण त्या चार दिवसांत सकाळी फरशीवर पाय टेकला की गारठा तळव्यातून निघून थेट गुडघ्यात जाऊन बसतो. मला पौष कॅलेंडरात बघावा लागत नाही.

माझी मुलगी मुक्ता ठाण्याला घोडबंदर रोडवर राहते. ती हल्ली मला फोनवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवते. ‘आई, हा बघ. दहाच मिनिटांचा आहे.’ एक उघडला की त्याच्याखाली वीस दिसतात. साठीनंतरचे गुडघे, खुर्चीत बसून करायचे व्यायाम, भिंतीला टेकून करायचे व्यायाम, जिना चढण्यासाठीचे व्यायाम. दाढीवाला मुलगा सांगतो, गोड आवाजाची मुलगी सांगते, कुणी मराठीत सांगतं, कुणी बर्फात उभं राहून सांगतं. यातला आपल्याला कुठला, हे ठरवण्यात माझा सकाळचा अर्धाअधिक वेळ जातो. मग चहा होतो आणि व्यायाम राहतो.

मुक्ताचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. तिची रजा संपत आली आहे. तिने मला अजून काही विचारलेलं नाही. ती नुसते व्हिडिओ पाठवते. परवा माझ्या मनात आलं, माझे गुडघे बरे व्हावेत ते नक्की कुणासाठी? आणि ते मनात आल्याबरोबर मला इतकं वाईट वाटलं की मी फोन पालथा घालून ठेवला. पोरगी काळजीने पाठवते. पण आईच्या गुडघ्यांची काळजी करताना मुलीच्या मनात आणखी काय काय असू शकतं, हे मला फार चांगलं माहीत आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा मुक्ता आठ-नऊ महिन्यांची होती. आम्ही मानपाडा रोडजवळच्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती. तेव्हाच्या डोंबिवलीत लिफ्ट असलेली इमारत लोक एकमेकांना बोटाने दाखवत. हे, म्हणजे मुक्ताचे बाबा, अंबरनाथला कारखान्यात पाळीने जायचे. मी ठाण्याला एका सरकारी कचेरीत होते. बाळ सांभाळायला मुरबाडकडच्या आमच्या गावाहून आई आली होती.

आली होती म्हणजे मी आणली होती. वडील मी सहावीत असताना गेले. त्यानंतर आईने दुसऱ्यांच्या खाचरात भाताची आवणी केली, लोकांचं गवत कापलं, भारे डोक्यावर वाहिले आणि मला शाळेत ठेवलं. गावातल्या शहाण्या माणसांनी तिला सांगितलं होतं, पोरीला शिकवून काय करणार? ती म्हणाली होती, ‘शिकू दे, नापास झाली का आनीन शेतावर.’ मी नापास झाले नाही. आमच्या सबंध घराण्यात पदवीचा कागद हातात घेणारी मी पहिली. हे सगळं मी विसरले नव्हते. उलट रोज आठवायचे. आठवूनही रोज सकाळी तिच्या मांडीवर बाळ ठेवून डबा घेऊन जिना उतरायचे.

गणपतीनंतर आली तेव्हा ती तिन्ही मजले न थांबता चढली होती. दिवाळीपर्यंत तिचे गुडघे धरले. आयुष्यभर चिखलात वाकलेले गुडघे ते. त्यात आता दिवसभर फरशीवर बसणं, बाळ उचलून उठणं. दिवाळीनंतर ती एकदाही खाली उतरली नाही. भाजीवाला ओरडला की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची. खालून तो विचारायचा, ‘मावशी, तुम्ही वरच ऱ्हाता काय वो कायम?’ आई म्हणायची, ‘देवाने वरच ठेवलंय मला. तू मेथी नीट बघून दे.’

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी मी कचेरीतून आले तर आई गॅलरीत उभी होती. तोंड उगवतीकडे, आमच्या गावाच्या दिशेला. म्हणाली, ‘सुमे, म्हशाची जत्रा कधी हाय गं?’

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावी मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, खाजा, पाळणे. आमच्या भागातल्या बायकांना ती जत्रा बैलांसाठी नको असते. गावोगाव दिलेल्या बहिणी तिथे एकमेकींना भेटतात. आईची थोरली बहीण, आमची आक्का मावशी, पार शहापूरच्या पलीकडे दिलेली. दोघी लग्नानंतर सगळ्या आयुष्यात भेटल्या त्या बहुतेक म्हशालाच. ठरलेली जागा घोंगडीवाल्यांच्या रांगेची. निरोप नाही, पत्र नाही. जी आधी येईल तिने दुसरी येईपर्यंत घोंगड्यांचे भाव विचारत उभं राहायचं. आक्का मावशी आता पंच्याहत्तरीला आलेली.

‘आक्का उभी ऱ्हाईल ना तिथं,’ आई म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग पोळ्या लाटायला गेली, उभ्याने, ओट्याला पोट टेकवून.

डॉक्टरांनी गुडघे दाबून, वाकवून बघितले. त्यांना घरी यायला मीच विनवलं होतं. म्हणाले, ‘झीज आहे. पण जास्त करून आखडलेत. मांडीत ताकद येऊ दे, उतरतील जिना. व्यायाम पाहिजे रोज.’ कुठला व्यायाम, ते त्यांनी आपला पाय हवेत उचलून घाईघाईत दाखवलं आणि ते गेले. शिकलेल्या माणसाची एक खोड असते. त्याला वाटतं, कुठल्याही गोष्टीचं पुस्तक असतं. मी वाचनालयात गेले. तिथे योगासनांचं एक पुस्तक मिळालं. त्यातल्या बाणांच्या आकृत्या पाहून आई म्हणाली, ‘ह्या मानसाचा पाय कुठला आन हात कुठला?’ आमच्याखाली दुसऱ्या मजल्यावर दामले काकू राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. मुलगा मस्कतला. त्याने पाठवलेला व्हीसीआर त्यांच्याकडे विणलेल्या रुमालाखाली नुसता झाकून ठेवलेला. त्या म्हणाल्या, ‘अगं सुमन, हल्ली व्यायामाच्या कॅसेट मिळतात. बघून बघून करता येतं. आमचं ते यंत्र पडूनच असतं, न्या वर. फक्त त्यावर सिनेमे लावू नका हं, बिघडतं म्हणे.’

स्टेशनच्या रस्त्याला दत्ताची व्हिडिओ लायब्ररी होती. दत्ता मोठागावचा कोळी, तिशीतला, गळ्यात सोन्याची साखळी आणि दुकानभर उदबत्तीचा धूर. मी व्यायामाची कॅसेट मागितली तेव्हा त्याने आधी माझ्याकडे, मग दुकानातल्या दोन पोरांकडे पाहिलं.

‘कोनासाठी, ताई?’

‘आईसाठी. गुडघे दुखतात.’

तो डोकं खाजवत आत गेला आणि तीन कॅसेट घेऊन आला. पहिलीच्या डब्यावर एक सोनेरी केसांची बाई होती. चमकता, अंगाला चिकटलेला पोशाख, एक पाय आकाशात. मी दुसरीकडे बघितलं. दुसरीवर नदीकाठी पद्मासन घातलेले एक बुवा. तिसऱ्या डब्यावर खुर्च्यांवर बसलेल्या गोऱ्या म्हाताऱ्या माणसांची रांग. ती इतकी धुळीने भरली होती की त्याने शर्टाला पुसून दिली.

‘ही पयली लय चालते,’ दत्ता आवाज खाली आणून म्हणाला. ‘पन ताई, खरा सांगू का, गिऱ्हाईक व्यायामवाला नसतो. मधी मधी चित्र उडल, मुंग्या येतील. त्या जागेला सगली पॉजचा बटन दाबतात.’

मागची पोरं खिदळली. माझे कान तापले. पण मला त्या दुकानातून लवकर बाहेर पडायचं होतं, आणि जी चालते ती चांगली असणार, असंही वाटलं. शाळेत असताना जे पुस्तक सगळ्यांकडे ते आपल्याकडे हवं, एवढंच मला पुस्तक निवडण्यातलं कळायचं. मी पहिली कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली आणि पर्समध्ये लपवली. चोरी केल्यासारखी घरी आणली.

पडदे ओढून, कडी लावून आम्ही ती कॅसेट लावली. आमचा टीव्ही काळा-पांढरा, बारका. संगीत सुरू झालं, बाई आली आणि उड्या मारायला लागली. मी शरमेने आईकडे बघेना. आई मात्र डोळे मोठे करून बघत होती.

‘बाय माझे,’ ती म्हणाली, ‘ह्या वयात?’

मला कळेना. पुन्हा बघितलं तेव्हा उलगडा झाला. आमच्या टीव्हीत सोनेरी रंग नव्हताच. त्या बाईचे केस पांढरेशुभ्र दिसत होते, म्हातारीच्या कापसासारखे.

‘माझ्यापरीस मोठी असंल,’ आई म्हणाली. ‘केस बघ की. आन गुडघे बघ तिचे! काय खाते ही?’

मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आईने साडीचा काष्टा घट्ट केला. ती नऊवारी नेसायची, गुडघ्याच्या वर ओढलेली, आमच्याकडच्या बायका नेसतात तशी. ओट्याला धरून तिने एक पाय उचलला. वीतभर उचलला, तोंड वाकडं केलं, खाली ठेवला. ‘तिला जमतं तर,’ एवढं बोलून दुसरा उचलला. मी तोंड मिटलं. नाहीतरी रंगीत टीव्ही आमच्या घरात येणार नव्हता.

पण त्या उड्या आईच्या कामाच्या नव्हत्या, हे मलाही कळत होतं. दोन दिवसांत गुडघा सुजला. मी कॅसेट परत केली आणि पुन्हा दत्ताच्या दुकानात उभी राहिले. राहिल्या दोन कॅसेट त्याने समोर ठेवल्या, नदीकाठचे बुवा आणि खुर्च्यांवरचे म्हातारे.

ते दुकान मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. संध्याकाळची गर्दी, रस्त्यावर भज्यांचा वास, काउंटरच्या काचेखाली चिकटवलेले देवांचे फोटो. कुठली कॅसेट न्यायची याबद्दल मला शंका नव्हती. बुवांच्या आसनांत सगळं मांडी घालून होतं. ते आईला जमणार नव्हतं. खुर्चीवरच्या व्यायामात नेमकं डॉक्टरांनी हवेत पाय उचलून दाखवलं तेच होतं, डब्यावरच तसं चित्र होतं. तरीही मी बराच वेळ दोन्ही डबे उलटेपालटे करत उभी राहिले. कारण दोन दिवसांपूर्वी दादाचं, माझ्या भावाचं, पत्र आलं होतं. वहिनीला दिवस गेले होते. आई जत्रेला आली की तिला इकडेच ठेवून घेऊ, असं त्याने लिहिलं होतं. आईला मी ते वाचून दाखवलं होतं. तिने फक्त ‘बरं’ म्हटलं होतं.

आई जिना उतरली तर जत्रेला जाईल. जत्रेला गेली तर गावाला राहील. मग मुक्ताला कोण बघणार? पाळणाघरं तेव्हा आमच्या भागात जवळपास नव्हतीच. रजा सगळी संपलेली. नोकरी सोडायची म्हणजे आईने ज्या नोकरीसाठी भारे वाहिले तीच सोडायची. माझ्या मनात असं सगळं पद्धतशीर मांडलं जात होतं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक साधी इच्छा बसली होती, की आईचे गुडघे आणखी थोडे दिवस असेच राहावेत.

‘ताई, काय झाला?’ दत्ता म्हणाला. ‘ही खुर्चीवाली कोन नेत नाय. तुम्ही ठेवा पायजे तेवढे दिवस. माझे आयचे पन गुडघे गेलेत, मासली घेऊन बाजारात बसून बसून. काय फरक पडला तर सांगा, तिला दावीन.’

मी खुर्चीवाली नेली. योग्य तेच केलं, हे खरं आहे. पण मनाविरुद्ध केलेल्या योग्य गोष्टीचं पुण्य लागतं का, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

मग रोज संध्याकाळी आमच्या घरात खुर्चीतली कवायत सुरू झाली. लोखंडी घडीची खुर्ची, समोर बारका टीव्ही, बाजूला चटईवर मुक्ता. कॅसेटमधली बाई इंग्रजीत सांगायची आणि मी मराठीत. ‘टाच पुढे. पाय सरळ. गुडघ्याची वाटी घट्ट. हळू खाली.’ त्या म्हाताऱ्यांच्या घोट्याला वजनाचे पट्टे होते. आम्ही मिठाच्या पुड्या जुन्या ओढणीत बांधून आईच्या घोट्याला गुंडाळल्या. शुक्रवारी वीज जायची तेव्हा आई टीव्हीशिवायच करायची, अंधारलेल्या पडद्याकडे बघत.

‘ह्यांना घरी सुना नाय काय?’ तिने एकदा विचारलं. ‘सगळी म्हातारी एका जागी जमून पाय हालवतात ती?’

‘तिकडे तसंच असतं, आई.’

‘मग बरं हाय. गप्पा तरी होत असतील.’

धडा संपला की ती बाई हसून हात जोडल्यासारखे करायची आणि काहीतरी बोलायची. आईने विचारलं, ‘काय म्हनते?’

‘म्हणते, फार छान केलंत तुम्ही.’

‘मला?’

‘सगळ्यांनाच.’

‘मी केलेलं तिला कुठं दिसतं?’ असं म्हणून आई हसली. पण दुसऱ्या दिवसापासून कॅसेट संपली की ती खुर्चीतूनच पदर सावरून टीव्हीला नमस्कार करायची. मी आवणीच्या दिवसांत बांधावर डबा घेऊन जायचे तेव्हाची आई मला आठवायची. चिखलात रांगेने वाकलेल्या बायका आणि बांधावरून ओरडणारा जमीनदाराचा माणूस. छान केलंत असं तिथे कुणी म्हणत नसे. मीही कधी म्हटलं नव्हतं. डबा ठेवून पळायचे, शाळेला उशीर होतो म्हणून.

शनिवारी मात्र तिला ‘ती म्हातारी’ लागायची. ‘आन गं, बघायला तरी आन. तिला बघून बरं वाटतं.’ मग मी पुन्हा पर्समध्ये लपवून उड्या मारणाऱ्या बाईला घेऊन यायचे. दत्ताला आता आश्चर्य वाटेनासं झालं होतं. ‘आईंना आवारली काय?’ तो म्हणायचा, आणि पोरांना दटावायचा, ‘ए, हसू नको. म्हातारी बाय बघते ती.’

एक दिवस दामले काकू वर आल्या. ‘सुमन, आमच्या छतातून रोज सात वाजता धप्प धप्प येतं. म्हटलं बघावं तरी.’ त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि स्वतःच स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसल्या. मग त्या रोज यायला लागल्या. एक नऊवारी, एक सहावारी, दोघी समोर बघून पाय उचलायच्या आणि मुक्ता टाळ्या पिटायची. काकू तोंडाने शिक्षिकाच राहिल्या. ‘गुडघा वाकतोय हं मावशी! सरळ, सरळ!’ आई म्हणायची, ‘काकू, तुमचा तर उचललाच नाय अजून.’

त्या बसण्यातच काकूंनी एकदा सहज विचारलं, ‘पण सुमन, या जत्रेला गेल्या नि तिकडेच राहिल्या, तर बाळाचं कसं गं करणार तू?’

मी मिठाची पुडी बांधत होते. ‘बघू,’ मी म्हटलं. त्या ‘बघू’त माझा आवाज कसा निघाला ते माझं मलाच ऐकू आलं. मी वर बघितलं. आई टीव्हीकडेच बघत होती. तिचा पाय हवेत होता, आणि तो तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ हवेत ठेवला.

फरक पडत होता. ओट्याला न टेकता पोळ्या होऊ लागल्या. बाळाला घेऊन उठताना ती ‘आई गं’ म्हणायची, ते बंद झालं. अशा प्रत्येक गोष्टीला हे म्हणायचे, ‘बघा, तुमच्या कॅसेटचा गुण.’ मी हसायचे, आणि आत काहीतरी खचायचं. रात्री मुक्ताला थोपटताना मी जत्रेला किती दिवस राहिले ते मोजायचे. आईही तिच्या अंथरुणावर मोजत असेल. आम्हा मायलेकींचे दिवस तेच होते, फक्त ती ते संपावेत म्हणून मोजायची.

संक्रांतीच्या दिवशी मी कचेरीतून आले तर दाराला बाहेरून कडी. आत कुणी नाही. बाळ नाही, आई नाही. मी जिन्यात उभी राहून ओरडले, नुसतंच ‘आई!’ असं. लहानपणी ओरडायचे तसं. खालून दामले काकूंचा आवाज आला, ‘इथे आहोत गं आम्ही!’

मी धावत दुसऱ्या मजल्यावर गेले. काकूंच्या दिवाणखान्यात मुक्ता गालिच्यावर, तोंडभर तिळाच्या लाडवाचा चुरा. आई सोफ्यावर बसलेली. काकूंनी बाळ आधी खाली आणलं होतं आणि आई मागून एक एक पायरी करत एकटी उतरली होती. तिळगूळ द्यायला.

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणाले, ‘कुणाला विचारून उतरलीस? पडली असतीस तर? बाळाला कुणी बघितलं असतं?’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या लक्षात माझं बोलणं आलं नसावं, किंवा आलं असावं. ती टीव्हीकडे बोट दाखवत होती. काकूंचा मुलगा मस्कतहून यायचा होता म्हणून आदल्याच दिवशी यांनी व्हीसीआर खाली आणून दिला होता, आणि उड्यांची कॅसेट त्यातच राहिली होती. ती आता काकूंच्या मोठ्या रंगीत टीव्हीवर चालू होती. निळा पोशाख, गुलाबी गाल आणि पिवळेधमक केस.

‘सुमे,’ आई म्हणाली, ‘ही तर पोरगी हाय गं.’

मी खाली मान घातली. ‘हो, आई.’

‘तुला ठावं होतं?’

‘डब्यावर चित्र होतं.’

आई पुन्हा टीव्हीकडे वळली. ती बाई कमरेवर हात ठेवून गिरक्या घेत होती. मला वाटलं, आता हिचं मन मोडणार. ज्या म्हातारीच्या भरवशावर तिने गुडघे उचलले ती म्हातारी नव्हतीच. आई काकूंना म्हणाली, ‘जाऊ दे. आता मी खाली आलेच ना.’ आणि तिळाचा लाडू माझ्यापुढे धरला. ‘घे. गोड बोल.’

मी तो लाडू खाल्ला.

कधी कधी मुक्ताचे व्हिडिओ बघताना मला वाटतं, तिला हे सगळं सांगावं. पण सांगायचं ते काय? की तुझ्यासाठी मी माझ्या आईचे दिवस मोजले? तिला वाटेल, आई आपल्याला टोमणा मारते आहे. आणि खरंच त्यात टोमणा नसेल, याची मला खात्री नाही. म्हणून मी तिला अंगठ्याचं चित्र पाठवते. तीही मला हसरं तोंड पाठवते. पूर्वी एका खोलीत राहून न बोलणं जमायचं, आता दोन शहरांतून जमतं.

त्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे आई निघाली. हे तिला घेऊन कल्याणहून एसटीने जाणार होते. आईने रात्रीच पिशवी भरली होती. आक्का मावशीसाठी लुगडं, दादाच्या पोरांना चिवडा. तिचे सगळे कपडे तिने पिशवीत भरलेले मी पाहिले. दोनच तर लुगडी होती, ती नेणारच. तरी मी पाहिलं आणि लक्षात ठेवलं. मुक्तासाठी मी कचेरीत चार दिवस बिनपगारी रजा टाकली होती. पुढचं काही ठरलं नव्हतं. आईने काही म्हटलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी विचारलं असतं तर ती राहिली असती. म्हणूनच विचारता येत नव्हतं, आणि न विचारताच तिने सांगावं असंही मला वाटत होतं.

थंडी होती. जिन्यातल्या दिव्याचा पिवळा उजेड. आई कठड्याला धरून उतरली, पुढे हे पिशवी घेऊन, मागे मी मुक्ताला शालीत गुंडाळून. दुसऱ्या मजल्यावर दामले काकू दारात उभ्या होत्या, कानाला मफलर. ‘सावकाश हं मावशी. गुडघा सरळ!’ आई म्हणाली, ‘तुम्ही रोज करा, मी नाय म्हनून बुडवू नका.’ पहिला मजला. मग तळमजला. पायरी संपली तेव्हा आईने जमिनीवर पाय असा ठेवला जसा नदीत ठेवतात, आधी चाचपून. दिवाळीनंतर प्रथमच ती जमिनीवर आली होती. फाटकाशी रिक्षा थांबली होती. यांनी पिशवी आत ठेवली.

आई रिक्षापर्यंत गेली, दांड्याला हात लावला आणि थांबली.

‘सुमे, किल्ली दे.’

‘काय राहिलं? मी आणते.’

‘तू थांब पोरीला घेऊन. मी जाते.’

‘अगं आई, तीन मजले—’

किल्ली घेऊन ती वळलीसुद्धा. आम्ही बघत राहिलो. तिची पावलं जिन्यात वाजायला लागली. आधी जवळून, मग वरून. मधे एकदा थांबली. पुन्हा वाजू लागली. रिक्षावाला म्हणाला, ‘काय ऱ्हायलं काय वर आजीचं?’ यांनी खांदे उडवले. वर आमच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने पावलं खाली येऊ लागली.

आई आली तेव्हा धापा टाकत होती. कपाळावर, त्या थंडीत, घाम होता. हात रिकामे. किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाली, ‘उतरायचं काय, दगड पन उतरतो. परत चढता येतंय का तेवढं बघितलं.’

मुक्ताच्या गालाला हात लावून ती रिक्षात बसली. रिक्षा धूर सोडत रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. वरून दामले काकूंनी गॅलरीतून हाक मारली, ‘काय गं सुमन, काय म्हणाल्या? येणार ना परत?’

‘हो!’ मी ओरडले. इतक्या मोठ्याने, इतक्या आनंदाने ओरडले की शालीतली मुक्ता दचकून रडायला लागली. आईला आक्का मावशी भेटणार, आई आपल्या पायांनी चालली, यातलं तेव्हा मला काहीच आठवलं नव्हतं.